घड्याळाची रात्र

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री, पाहुणे गेल्यावर, आम्ही घरचेच तेवढे सोप्यात बसलो होतो. आईनं आतून त्यांचं घड्याळ आणलं आणि माझ्या भाच्याच्या हातात ठेवलं. एचएमटीचं ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं, वार आणि तारीख दाखवणारं, सोनेरी मुलामा कडेनं उडालेला. पोरगा थोरला नातू, पुण्यात नुकतीच नोकरी लागलेली, तेव्हा घड्याळ त्याच्याकडं जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यानं ते दोन-चारदा हलवलं, कानाला लावलं, सेकंदकाटा चालायला लागलेला बघून खुलला आणि मनगटावर बांधून लगेच तारीख लावायला चावी ओढली. बंद पडलेल्या घड्याळाचे काटे पावणेअकराच्या आसपास उभे होते. माझा हात आपसूक पुढं गेला आणि मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "थांब. आधी काटे फिरवून बघ, आत्ता त्याची रात्र आहे की सकाळ." सगळे माझ्याकडं बघायला लागले. "त्याची रात्र? आत्ती, घड्याळ आहे गं ते," तो म्हणाला. सगळे हसले, कुणीतरी चहा टाकायला उठलं आणि विषय तिथंच संपला. घड्याळ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलं.

माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. त्याला धड सांगायला हवं होतं आणि त्या गडबडीत सांगता आलं नाही, ही एक रुखरुख. दुसरी जरा खोलातली. ते घड्याळ मला हवं होतं. आईला मी तसं बोलले नाही, भावाला तर नाहीच, आणि भाच्याचा चेहरा बघितल्यावर ते त्याच्याकडं गेलं याचं वाईटही वाटलं नाही. पण त्या घड्याळाची खोड, त्याचा स्वभाव, त्याला कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे सगळं अण्णांनी मला शिकवलं होतं. घड्याळ एकीकडं आणि ते वापरायची रीत दुसरीकडं, अशी वाटणी झाली. रीत माझ्याकडं पडून राहिली.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. अण्णा उद्यमनगरात टर्नर, लेथ यंत्रावर धातू कातायचे. सायकलवरून जायचे, आणि निघायच्या आधी पुणे केंद्राच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या ऐकणं हा त्यांचा नेम. रेडिओवर वेळ सांगितली की ते घड्याळाकडं बघत. दिवसाला काही सेकंद पुढंमागं जाणं हा चावीच्या घड्याळाचा धर्मच असतो, त्याची त्यांना तक्रार नसे. आठवड्यातून एखाद्या दिवशी ते काटा सुधारत. त्यासाठी घड्याळ आधी मनगटावरून उतरवत. हातावर बांधलेल्या घड्याळाची चावी ओढली तर बोट तिरकं पडतं आणि आतली बारीक दांडी वाकते, म्हणून. मग मांडीवर पंचा, पंच्यावर घड्याळ, आणि अंगठ्याचं नख चावीखाली. एक टक् झाली की वार-तारखेचा टप्पा, दुसरी टक् झाली की काट्यांचा. मी समोर उकिडवी बसून त्या दोन टक् ऐकायची. ग्रीसनं कायमच्या काळ्या पडलेल्या त्यांच्या जाड बोटांना ती एवढीशी चावी इतकी अलगद कशी धरता येते, याचं मला फार नवल वाटायचं.

मिनिटकाटा लावतानाही त्यांची एक तऱ्हा होती. काटा चुकून पुढं गेला तर ते त्याला तेवढाच मागं आणून सोडत नसत. पाच-सात मिनिटं मागं नेत आणि मग पुढं येता येता खुणेवर थांबवत. हे त्यांनी लेथवरून आणलं होतं. लेथच्या क्रॉस स्लाइडचं, म्हणजे कातायचं टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं, हँडल उलट फिरवलं की सुरुवातीचा थोडा फेरा फुकट जातो, कारण स्क्रू आणि नट यांच्यामध्ये जागा असते. हँडल फिरतं, टूल जागचं हलत नाही. म्हणून टूल पुढं गेलं तर भरपूर मागं घ्यायचं आणि पुन्हा पुढं येत आकड्यावर थांबायचं. नेहमी एकाच बाजूनं. घड्याळातल्या चाकांच्या दात्यांमध्येही अशी मोकळीक असतेच. "जिथं दातं हाईत तिथं लूज हाय," एवढंच ते म्हणायचे आणि काट्यावरची नजर काढायचे नाहीत.

रात्री मात्र ते चावीला हात लावत नसत.

कारण मला पुष्कळ नंतर कळलं. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आमचे ओळखीचे घड्याळजी बसतात. काचेची पेटी, वर मान वाकवलेला दिवा, डोळ्याला भिंग. एकदा मी आईचं घड्याळ घेऊन गेले तेव्हा त्यांच्यासमोर दुसऱ्याच कुणाचं तरी मशीन उघडून पडलं होतं, तबकडी उतरवलेली. मी बघते आहे असं बघून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. तबकडीच्या खाली एक मोठी, पातळ कडी होती. तिच्यावर १ ते ३१ आकडे, आणि आतल्या कडेला तेवढेच ३१ दाते. कडी आपोआप सरकू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर दोन दात्यांच्या बेचक्यात टेकलेली एक चिमुकली पट्टी. आणि शेजारी ते चाक, जे चोवीस तासांत एकच फेरा घेतं. त्याला एक बोट असतं. दिवसभर ते बोट हवेत फिरतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रात्री नऊच्या सुमाराला कडीच्या एका दात्याला टेकतं आणि ढकलायला लागतं. इतकं सावकाश की वरून कुणाला पत्ता लागत नाही. दहा-साडेदहाला नीट निरखलं तर आकडा खिडकीत किंचित कलता दिसतो. बाराच्या आसपास पट्टी दात्याच्या टोकावरून घसरते, कडी एक घर पुढं जाते, नवी तारीख येते. बोट मात्र लगेच मोकळं होत नाही. ते दात्यांमधून पुरतं बाहेर पडेपर्यंत एक-दोन वाजतात. वाराची चकती असेल तर तिचं काम तारखेच्याही मागून चालतं, तीन वाजेपर्यंत.

आता या मधल्या तासांत कुणी चावी एक टप्पा ओढून तारीख फिरवली, तर तीच कडी दोन बाजूंनी ढकलली जाते. एकीकडून आपली चावी, दुसरीकडून दात्यात रुतलेलं ते बोट. बोटाला मागं सरायला जागा नसते. मग बोट मोडतं, नाहीतर दाता. घड्याळजींनी चिमट्यानं उचलून दाखवला तो मोडका तुकडा मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढाही नव्हता. भिंगाखाली त्याची तुटलेली बाजू लखलखत होती. घड्याळ चालतच होतं, वेळही बरोबर दाखवत होतं. फक्त त्या दिवसापासून त्याची तारीख एकाच आकड्यावर बसली होती.

"तारीख अडकली म्हणून गिऱ्हाईक आलं की मी पयलं इचारतो, किती वाजता लावलासा?" ते म्हणाले. "निम्म्यांचं उत्तर एकच. झोपताना. आता माणूस घड्याळ उतरवतो कधी? झोपताना. तारीख चुकलीया हे दिसतं कधी? उतरवताना. मग तवाच वढतोय चावी." मला हे फार पटलं. ज्या वेळी माणसाला सवड असते, ज्या वेळी तो त्या वस्तूकडं धड बघतो, नेमकी तीच वेळ तिला हात न लावण्याची.

पण अण्णांचं "रात्री नको" एवढंच पुरेसं नव्हतं, हेही मला त्याच पेटीपाशी उमगलं. अण्णांचं घड्याळ रोज चालू असे, म्हणून त्यांची रात्र आणि घड्याळाची रात्र एकच होती. बंद पडलेल्या घड्याळाचं तसं नसतं. ते पावणेअकराला थांबलं असेल, पण सकाळच्या की रात्रीच्या, हे तबकडीवरून कळत नाही. बारा तासांच्या तबकडीवर दोन्ही सारखेच दिसतात. बाहेर लख्ख ऊन असेल, आपण चहा घेत निवांत बसलो असू, आणि त्याच्या पोटात रात्र चालू असेल, बोट दात्यात अडकलेलं असेल. म्हणून तारखेला हात लावायच्या आधी त्यालाच विचारून घ्यावं लागतं. भाच्याला मला एवढंच सांगायचं होतं.

विचारायची पद्धत सोपी आहे. बंद घड्याळाला आधी वीसेक पीळ द्यावेत, चावी आत असतानाच. मग चावी पार शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढायची आणि काटे पुढंच फिरवत राहायचं. कधीतरी खिडकीतला आकडा बदलतो. ती त्याची मध्यरात्र. आता त्याचा दिवस कुठला आणि रात्र कुठली हे आपल्याला कळलं. तसंच पुढं नेत काटे सकाळच्या सहावर आणायचे. सहाला तासकाटा तबकडीच्या तळाशी असतो, आणि बोट कडीपासून पुरेसं लांब. मग चावी एक टप्पा आत ढकलायची आणि तारीख लावायची, पण आजची नाही, कालची. आमच्या घड्याळात चावी एका अंगाला फिरवली की तारीख आणि दुसऱ्या अंगाला वार, वारही कालचाच. त्यानंतर पुन्हा शेवटच्या टप्प्यावर येऊन काटे पुढं घ्यायचे, सहा, बारा, पुन्हा सहा, आणि रात्रीचे बारा ओलांडताना आजची तारीख त्याची त्यालाच आणू द्यायची. वार यायला त्याहून थोडं पुढं जावं लागतं. दुपार उलटून गेली असेल तर आणखी एकदा बारा ओलांडायचे. काटे मध्यरात्रीवरून उलटे नेऊ नयेत. आणि शेवटी चावी पक्की आत दाबायची, नाहीतर धूळ आणि घाम तिथूनच आत शिरतो.

कालची तारीख लावायची हे अनेकांना द्राविडी प्राणायाम वाटतं. मला त्यातच सगळी गोम दिसते. आजची तारीख थेट लावून नुसते काटे जुळवले तर घड्याळाची सकाळ आहे का संध्याकाळ हे आपल्या हिशेबात चुकू शकतं, आणि मग भरदुपारी बारा वाजता तारीख पालटते. कालपासून आजवर काटे चालवत आणले की तो घोळ होत नाही. जुन्या काही घड्याळांना तर मधला टप्पाच नसतो. पंधरा दिवस बंद राहिलेलं घड्याळ म्हणजे पंधरा दिवसांचे काटे फिरवायचे. अण्णांच्या एका दोस्ताकडं तसलं होतं, आणि ते गप्पा मारता मारता जपमाळ ओढल्यासारखी चावी फिरवत बसायचे. उलट अलीकडच्या काही महाग घड्याळांत बोट दबून मागं सरेल अशी सोय असते, तिथं वेळेचं बंधन नाही. पण आपल्या घड्याळात ती सोय आहे का हे तबकडी उतरवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सकाळचे सहा सगळ्यांना चालतात.

रोज हातात असलेल्या घड्याळाला मात्र हे फार वेळा लागत नाही. कडीवर सरसकट ३१ आकडे, म्हणून तीस दिवसांचा महिना संपला की ती १ तारखेला ३१ दाखवते. वर्षातून पाचच सकाळी तिला हात लावावा लागतो. १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर. चार वेळा एक घर, आणि १ मार्चला तीन घरं, लीप वर्षात दोन. आमच्या घरात या सकाळी ठरलेल्या होत्या. १ मेला झेंडावंदनाला जायच्या आधी, माझ्या वेण्या घालून झाल्यावर, अण्णा मला बोलवायचे आणि ते एक घर मला सरकवू द्यायचे. त्यांचा हात माझ्या हाताखाली असायचा, न टेकता. आकडा बसल्याची ती बारीक टक् बोटाला आधी कळते, कानाला नंतर.

वाराच्या चकतीची एक गंमत मला कायम आठवते. तिच्यावर वार हिंदी आणि इंग्रजी असे एकाआड एक छापलेले, सात दिवसांचे चौदा. म्हणून तिला रोज रात्री दोन घरं सरकावी लागत. लहानपणी मला ताप आला की अण्णा रात्रभर उशाशी बसत. कपाळावर पट्टी ठेवणारा हात डोळ्यांसमोर यायचा आणि कंदिलासारख्या पिवळ्या उजेडात घड्याळ दिसायचं. एकदा तिथं हिंदी वाराच्या जागी इंग्रजी अक्षरं होती. मी म्हटलं, अण्णा, वार चुकलाय. ते म्हणाले, "चुकला न्हाई, वाटंत हाय." आईच्या लेखी तर वार अजून बदललेलाच नव्हता. तिचा वार सूर्य उगवल्यावर बदलतो, सोमवारचा उपास मंगळवारी पहाटेच्या अंधारापर्यंत सोमवारच. तबकडीचा दिवस बाराला पालटतो, आईचा उजाडल्यावर, आणि चकतीचा या दोहोंच्या मधेच कुठंतरी. एकाच घरात तिन्ही नांदत होते आणि कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं.

अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाला अण्णा आम्हाला हमखास न्यायचे. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा करत गाभाऱ्यात जातं आणि अंबाबाईच्या चरणांना लागतं. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आले, हवेत धूळ-बाष्प जास्त झालं, वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला, की किरण अर्ध्यातच विरून जातात. गर्दीत माझं डोकं अण्णांच्या कोपराला लागायचं, म्हणून मला गाभारा कमी आणि घड्याळच जास्त दिसायचं. उन्हाची तिरीप फरशीवरून पुढं सरकताना कुणालाच दिसत नाही. बघता बघता ती पुढच्या फरशीवर असते, एवढंच. अण्णा कुठल्या उंबऱ्याला किती वाजून किती मिनिटं झाली हे पुटपुटत राहायचे, आणि आरतीची घंटा सुरू झाली की हात खाली घ्यायचे.

त्या घड्याळाबरोबर मी त्यांना शेवटचं ताठ उभं बघितलं ते ६ मे २०२२ ला. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी दहा वाजता शंभर सेकंद सगळं कोल्हापूर जागच्या जागी थांबणार होतं. अण्णा पार थकले होते, तरी मिरजकर तिकटीपर्यंत चालत आले. त्या दिवशी सात-पाचच्या बातम्यांना त्यांनी काटा मिळवून घेतला होता. त्यांच्या घड्याळात चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळं सेकंदाशी जुळवायचं तर सेकंदकाटा बारावर येण्याची वाट बघायची आणि त्याच क्षणी मिनिटकाटा खुणेवर ठेवायचा. दहा वाजले. रिक्षा थांबल्या, मोटरसायकली थांबल्या, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला एकजण पाय टेकून उभा राहिला. अण्णांनी मनगट छातीशी धरलं होतं. सेकंदकाट्याचा एक पुरा फेरा आणि वर चाळीस. सेकंदाला सहा ठोके या हिशेबानं सहाशे ठोके. एरवी त्या चौकात कानाला लावूनही ऐकू आले नसते.

भाचा पुण्याला गेल्यावर मी हे सगळं एका फुलस्केपवर लिहून काढलं आणि कुरियरनं पाठवलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवरचं घड्याळाच्या डबीत ठेवता येत नाही. बाजूला तबकडीचं चित्र काढून नऊ ते तीन एवढा भाग तांबड्या पेनानं रंगवला, आणि खाली पाच तारखा. त्याचा उलट फोन आला तेव्हा तो फार बोलला नाही. एवढंच विचारलं, की आजोबा चावी रोज एकाच वेळी द्यायचे का. मी म्हटलं, हो, ऑटोमॅटिक असलं तरी सकाळी आंघोळ झाल्यावर चार पीळ द्यायचेच, हाताला सवय म्हणून.

एचएमटीचा घड्याळांचा कारभार २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. तरी आमच्या घड्याळजींच्या पेटीत एचएमटीची जुनी मशीनं अजून येतात, कुणाच्या वडिलांचं, कुणाच्या सासऱ्यांचं. मागच्या खेपेला मी त्यांना सांगितलं, मला एक हवंय, माझ्यासाठी, तारखेचं. बायकांचं छोटं दाखवायला लागले तर म्हटलं नको, पुरुषीच द्या, काटे नीट दिसले पाहिजेत. त्यांनी एक चावीचं काढलं, पांढऱ्या तबकडीचं, साफसफाई करून तेल घातलेलं. माझ्यादेखत काटे फिरवून त्याची मध्यरात्र कुठं लागते ते दाखवलं. बाराला पाच कमी असतानाच तारीख पडते त्याची, तेवढं पुढं धावणं त्याला माफ. पट्टा मात्र त्याचा पार गेलेला होता. चप्पल लाईनीत एका कारागिराला विचारलंय, चपलेच्याच चामड्याचा पातळ पट्टा शिवून देतो म्हणाला, मनगटाचं माप घेऊन बोलावलंय गुरुवारी.